अंगठ्याखालचा दाणा

डिसेंबरातली एखादी सकाळ अशी उजाडते की गॅलरीचं दार उघडल्याबरोबर नाकाला कळतं, आली. कोवळा, तेलकट, जरासा उग्र असा हिरवा वास. खाली फुटपाथवर गोणपाट अंथरून अवरेकाईच्या शेंगांचे ढीग घातलेले असतात. होसकोटेकडच्या शेतांतून टेम्पोने आलेल्या शेंगा, अजून दवाने ओल्या. आपल्या वालाची ही चुलतबहीण, पण हे मी बंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीत मोठ्याने म्हणत नाही. एकदा म्हणालो होतो. भाजीवाल्या अज्जींनी एक शेंग बोटांत चोळून सरळ माझ्या नाकाखाली धरली आणि कानडीत विचारलं, तुमच्या वालाला हा सोगडु आहे का? सोगडु म्हणजे शेंगेच्या अंगावरचा तो तेलकट सुवास. धुकं जितकं दाट तितका सोगडु जास्त, असं इथली माणसं सांगतात. भल्या घरच्या बायका, निवृत्त बँक मॅनेजर, सगळे सकाळी सकाळी शेंगा हुंगत उभे असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, या गल्लीत सगळ्यांना एकदम सर्दी झाली आहे.

हा वास आला की माझा उजवा अंगठा आपोआप शिवशिवतो. कारण अवरेकाई नुसती सोलून भागत नाही. दाणे पाण्यात भिजवायचे आणि मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून असा दाबायचा की साल बोटांत राहतं आणि आतली पोपटी डाळ टुणकन बाहेर पडते. तिला म्हणतात हितकबेळे. आपल्याकडे वालाच्या डाळिंब्या सोलतात तसंच, पण इथे हे काम अख्खं घर गोल करून करतं आणि त्यात एक नजाकत असते. माझी डाळ टुणकन येत नाही. एक तर ती सालातच चिरडते, नाहीतर समोरच्याच्या चष्म्यावर जाऊन बसते.

जी काही जमते तेवढी जमायला मला एक पूर्ण हंगाम लागला. आणि ती विद्या मी स्वयंपाकघरात नाही शिकलो. मेंदूतल्या गाठींच्या प्रयोगशाळेत शिकलो.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर आहे, पण प्रबंधवाला. पाटीवर नावाआधी ते ‘डॉ.’ लावण्याची हौस माझीच, म्हणून आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं मला लिफ्टमध्ये गुडघे दाखवतात. मी गुडघ्यांकडे गंभीरपणे बघतो आणि म्हणतो, “जिने कमी करा.” आजवर कुणी दगावलं नाही. माझं खरं काम म्हणजे मेंदूतली गाठ कोणत्या जातीची आहे, हे लवकरात लवकर कसं ओळखता येईल, याचं संशोधन. ‘मेंदूत गाठ’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच काळाकुट्ट शब्द ऐकू येतो. प्रत्यक्षात त्यात कितीतरी जाती आहेत आणि प्रत्येकीचा इलाज निराळा. एक मुळासकट काढावी लागते, दुसरीला किरणं द्यावी लागतात, आणि एखादी अशी निघते की ती औषधाने विरघळली असती, सुरी लावून उगाच नुकसान.

म्हणून ऑपरेशन चालू असतानाच सर्जन गाठीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काढून आमच्या खोलीत पाठवतात आणि तिकडे हात थांबवून वाट बघतात. इकडे आम्ही तो तुकडा एका काचपट्टीवर ठेवतो, वर दुसरी काचपट्टी, मग अंगठ्याने दाबून दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून ओढायच्या. तुकड्याचा पातळ थर पसरतो. त्याला रंग द्यायचा, आणि आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडम सूक्ष्मदर्शकात बघून फोनवर सांगतात, काय आहे ते. एक फिल्टर कॉफी निवेपर्यंत सगळं होतं. एवढी यंत्रं, एवढी स्कॅनिंगं, आणि मध्ये हा अंगठा! जास्त दाबलं तर पेशी चिरडून नुसते धागे दिसतात. कमी दाबलं तर थर जाड, काहीच दिसत नाही.

हा अंगठा आमच्याकडे पद्माक्कांचा. पद्माक्का आमच्या सीनियर टेक्निशियन. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं मराठी घर, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि सांगलीहून नव्याने आलेला माणूस पहिल्या वर्षी जिला हसतो आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच बोलायला लागतो, अशी मराठी.

मला अर्थातच अंगठ्यांचा जमाना संपवायचा होता. मी एक प्रोग्रॅम तयार केला. काचपट्टीचा फोटो दाखवायचा, त्याने जात सांगायची. वर्षभर मी आणि पद्माक्कांनी केलेल्या पट्ट्यांचे फोटो त्याला शिकवले. आणि काय सांगू, प्रोग्रॅमने जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर बरोबर दिलं! मी लॅबमध्ये पेढे वाटले. सांगलीहून मागवलेले. पद्माक्कांनी पेढा खाल्ला, पदराला हात पुसला आणि विचारलं, “सार, अवघड केस कोण दाबतं?”

“तुम्ही.” स्कॅनवर भयंकर गाठीचा संशय असला की ती केस आम्ही अवघड धरायचो.

“आणि सोप्या?”

“मी.”

“मग माझ्या हातची सोपी केस दाखवा की त्याला.”

दाखवली. प्रोग्रॅम म्हणाला, भयंकर गाठ. मग माझ्या हातची एक जाड, ओबडधोबड पट्टी दाखवली, खरोखरच्या भयंकर गाठीची. प्रोग्रॅम म्हणाला, काळजीचं कारण नाही. वर्षभर शिकून त्याला गाठींमधलं ओ की ठो कळलं नव्हतं. पट्टी पातळ असली की पद्माक्का, म्हणजे अवघड. जाड असली की मी, म्हणजे सोपी. एवढीच त्याची विद्या.

“तुमचा कंप्युटर शाणा आहे हो,” पद्माक्का म्हणाल्या. “तुमचा अंगठा त्यानं बरोब्बर ओळखला.”

पेढ्यांचा रिकामा खोका बरेच दिवस माझ्या टेबलावर होता. टाकून द्यायचा धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पद्माक्कांनी मला पॅसेजच्या टोकाच्या बाकावर बसवलं आणि समोर एक स्टीलचा डबा उघडला. त्यात भिजवलेली अवरेकाई.

“दाबा.”

मी दाबलं. दाण्याचं पिठलं झालं.

“अय्यो! दाणा काय तुमचा दुश्मन आहे? स्वल्प हळू.”

मी हळू दाबलं. दाणा ढिम्म.

“आता तर तो लाजायला लागला. अहो, त्याला कळू तर द्या, तुम्ही आला आहात ते.”

असा एक महिना. जाणारे-येणारे निवासी डॉक्टर थांबून बघायचे. एकाने विचारलं, ही नवी थेरपी आहे का. मी फोडलेले दाणे पद्माक्का घरी नेऊन सारात घालायच्या. त्यांच्या यजमानांनी म्हणे चौकशी केली, हल्ली बेळे अशी चेचलेली का असते. “आमच्याकडं एक डॉक्टर शिकतोय,” असं उत्तर त्यांना मिळालं. आणि एके दुपारी, का कोण जाणे, माझं बोट एका नेमक्या जागी थांबलं आणि डाळ अलगद वाटीत उतरली. पद्माक्कांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. “जोर सगळ्यांनाच असतो सार,” त्या म्हणाल्या, “कुठं थांबायचं ते कळायला पाहिजे.” आणि पुढचा दाणा माझ्या हातात ठेवला.

त्याच हंगामात शंकरअण्णांचा हात गेला.

शंकरअण्णा आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे टेलर. तेही इथले जुने मराठी. आजोबांपासून शिवणकाम. सगळं मशीनवर शिवतील, पण शर्टाची काजं हाताने करणार. “मशीनचं काज म्हणजे बटणाला तुरुंग,” हे त्यांचं मत. मी त्यांच्याकडे एका निळ्या शर्टाचं कापड टाकलं होतं. दिवाळीचा शर्ट नाताळ आला तरी मिळेना. एकदा गेलो तर अण्णा सुईत दोरा ओवत होते. ओवत होते, ओवत होते. दोरा एकीकडे, सुई दुसरीकडे. शेजारी एका शर्टाची काजं उतरणीला लागल्यासारखी तिरपी गेलेली.

आता ऐका. रोज सकाळी नऊ ते सहा मेंदूच्या गाठींवर संशोधन करणारा मी, माझ्या डोळ्यांसमोर माणसाचा उजवा हात हळूहळू निकामी होतोय, आणि मी त्यांना काय म्हणालो? म्हणालो, “अण्णा, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा.”

वर येऊन मेधाला, म्हणजे बायकोला, हा किस्सा रंगवून सांगितला. तिने कुकर लावता लावता विचारलं, “परवा माझ्यासमोर त्यांच्या हातातून कात्री पडली, दोनदा. चष्म्याने कात्री पडते का रे?”

मला उत्तर सुचेपर्यंत चार दिवस गेले. पाचव्या सकाळी अण्णांचा उजवा हात आपोआप उडायला लागला, दोन मिनिटं, थांबेचना. त्यांच्या बायकोने, रत्नाक्कांनी, खालून मला हाक मारली, “डॉक्टर, डॉक्टर!” आणि त्या क्षणी मला पाटीवरचं ते ‘डॉ.’ उपटून फेकून द्यावंसं वाटलं. मी ऑटो आणली. तेवढं मात्र जमलं.

स्कॅनमध्ये दिसलं, डाव्या बाजूला, उजवा हात हलवणाऱ्या जागेला अगदी खेटून एक गाठ. कडेने चकाकणारी, मध्ये काळी. सर्जननी अण्णांना आणि रत्नाक्कांना शांतपणे समजावलं. कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त दिसते. तशी असेल तर जितकी निघेल तितकी काढावी लागेल, आणि त्यात हात बराचसा जाईल. जीव आधी. पण आधी तुकडा तपासू. दुसरं काही निघालं तर तिथेच थांबू, हाताच्या जागेला हात लावणार नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि संमतीच्या कागदावर त्याच हाताने सही केली. सही तिरपी गेली, काजासारखी.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो. धीर द्यायचा, नेहमीसारखं बोलायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असं जिन्यात तीनदा घोकलं. आणि नेहमीसारखं बोलायचं म्हणून तोंडातून निघालं, “काय अण्णा, माझा शर्ट ऑपरेशनच्या आधी होतोय का?”

रत्नाक्का कपडे भरत होत्या, त्यांचा हात पिशवीतच राहिला. 

“आधी का?” अण्णा म्हणाले. “नंतर नाही येणार का मला?”

आयुष्यात मी अनेक मूर्ख वाक्यं बोललो आहे, काही तर परिषदांमध्ये माइकवर. पण त्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं तर हे सगळ्यांच्या डोक्यावर बसेल. मी काहीतरी सारवासारव केली. अण्णांनीच मला सांभाळून घेतलं. “असू दे हो डॉक्टर. कापून ठेवलाय. शिवायचा राहिलाय, तेवढंच.” मग डावा हात उजव्यावर ठेवून म्हणाले, “हा नसला तर मी काय करणार, ते मात्र मला सुचत नाही बघा.”

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो खरा, पण मनातून कुठेतरी पळून जायचं होतं. साडेअकराला डबी आली. आत दोन इवलेसे तुकडे, मातकट रंगाचे. पद्माक्कांनी पहिला घेतला, वर काच ठेवली, अंगठा टेकवला. आणि भुवई उचलली.

वाईट जातीची गाठ बहुतेक वेळा लोण्यासारखी पसरते. अंगठ्याला श्रमच पडत नाहीत.  पद्माक्कांनी आपली पट्टी बाजूला ठेवली. त्यांनी दुसरा तुकडा माझ्यासमोर सरकवला.

“हा तुम्ही करा.”

“अक्का, हे आमचे अण्णा आहेत.”

“ठाऊक आहे. माझ्या अंगठ्याला जे वाटलं ते मी सांगत नाही. तुमच्या अंगठ्याला काय वाटतं ते सांगा. करा.”

मी काच ठेवली.  अंगठा टेकवला, थोडं दाबलं. तुकडा जागचा हलेना. चिवट, कणीदार, ओल्या वाळूसारखा. गेल्या वर्षीचा मी असतो तर इथे दात-ओठ खाऊन जोर लावला असता आणि त्याच्या पेशींचं पिठलं करून मॅडमपुढे ठेवलं असतं. पण पॅसेजमधल्या बाकावरचा तो महिनाभराचा अपमान कुठेतरी कामाला आला. बोट त्या नेमक्या जागी थांबलं. तेवढ्याच दाबाने मी पट्टी हळूच ओढली.

“हा पसरत नाही, अक्का.”

“मग?”

“मग थांबलो.”

“सरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे कानडीत ‘बरोबर’. एवढंच. मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र ते.

रंग देऊन दोन्ही पट्ट्या मॅडमकडे गेल्या. मॅडम बघत राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचल्या, तीनदा, कानडीत, जी मला वाचता येत नाही. शेवटी मॅडमनी मान वर केली आणि मला बोलावलं. “हे बघ.” पद्माक्कांच्या पट्टीत बघितलं, मग माझ्या. दोन्हीकडे तेच. एक भलीमोठी पेशी, आणि तिच्या कडेने केंद्रकं घोड्याच्या नालासारखी ओळीने मांडलेली. कर्करोगाची खूण कुठेच नाही. ही खूण दुसऱ्याच पाहुण्याची, क्षयरोगाची. क्षय मेंदूतही बिऱ्हाड करतो आणि स्कॅनमध्ये हुबेहूब वाईट गाठीचं सोंग घेतो.

मॅडमनी फोन उचलला. “ही ट्यूमर नाही. टीबीची गाठ आहे. आणखी कापू नका. एक तुकडा कल्चरला पाठवा.”

 पलीकडून सर्जनचा आवाज, “नक्की?”

मॅडमनी आमच्या दोघांकडे बघितलं. “दोन हातांच्या दोन पट्ट्या आहेत. दोन्ही तेच सांगतात.”

तिकडे सुरी थांबली. मी बाहेर बाकावर येऊन बसलो. पद्माक्का मागोमाग आल्या आणि डबा उघडून मध्ये ठेवला. आम्ही अर्धा तास अवरेकाई सोलत बसलो. त्या दिवशी मी पुन्हा सगळे दाणे चिरडले. त्यांनी ते तसेच सारासाठी डब्यात भरले.

अण्णा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी कोणाशी बोलण्याआधी पांघरुणाखालून उजवा हात बाहेर काढला आणि अंगठा व तर्जनी एकमेकांजवळ आणली. सुई धरतात तशी. पूर्ण टेकली नाहीत. पण हलली.

पुढे कल्चरनेही, म्हणजे तुकड्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीनेही, तेच सांगितलं. मग औषधं. हे काही गोड गोष्टीतल्यासारखं झटकन झालं नाही. वर्षभराहून जास्त रोजच्या गोळ्या, मळमळ, रक्ताच्या तपासण्या, मध्येच एकदा सगळं सोडून द्यावंसं वाटणं. हात आपल्या गतीने परत येत होता, म्हणजे गोगलगाईच्या. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. अण्णांना त्याची चीड. “कुत्र्याला देतात तसला,” म्हणायचे. मग मी पद्माक्कांना विचारलं, आणि त्यांनी फोनवरच औषध लिहून दिलं. त्या वर्षीचा हंगाम संपत आलेला, बाजारातली शेवटची जून अवरेकाई मी आणली, रत्नाक्कांनी भिजवली, आणि दुकानाच्या पायरीवर अण्णांनी दाणे दाबायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी एकही दाणा सालातून सुटला नाही. मला आतून फार बरं वाटलं. जगात माझ्यापेक्षा वाईट कुणीतरी होतं. हे सुख तीन आठवडे टिकलं.

आमच्याकडे येणारा प्रत्येक तुकडा असा हट्टी निघत नाही, हेही सांगायला हवं. पुष्कळदा तो लोण्यासारखा पसरतो, आणि मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे बघणं अवघड होतं. पण त्या जातींवरही आता पूर्वी नव्हते ते इलाज हळूहळू येत आहेत, आणि कोणता इलाज कोणाला लागू पडेल याची पहिली वाट त्या अंगठ्याखालूनच जाते. माझा प्रोग्रॅम मी मोडून नव्याने बांधला. आता अवघड-सोपं न बघता लॅबमधले आम्ही सगळेच सगळं दाबतो, आणि कोणी दाबलं हे त्याला कळू देत नाही. तो आता खरोखर पेशी बघतो, असं दिसतंय. पेढे मात्र मी अजून मागवलेले नाहीत.

पद्माक्का निवृत्त होऊन येलहंकाला लेकाकडे राहायला गेल्या. अवरेकाई बाजारात आली की त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. “आली का? अंगठा कसा आहे?”

अण्णांच्या ऑपरेशननंतरचा पुढचा हंगाम आला, धुकं पडलं, गल्ली पुन्हा हुंगायला लागली. एका रविवारी सकाळी दारावर टकटक. अण्णा. हातात कागदात गुंडाळलेला माझा निळा शर्ट. मी काजं बघितली, आधी काजंच बघितली. सात काजं, एका ओळीत, मुंग्या निघाल्यासारखी सरळ. मी घाईघाईने शर्ट चढवला. वरची बटणं लागली. पोटावरचं लागेना. मी श्वास आत ओढला, मेधा मागे हसू दाबत होती, मी बटण आणि काज एकमेकांकडे जिवाच्या आकांताने ओढत होतो.

“हळू हो,” अण्णा म्हणाले. “जोर लावू नका, काज फाटेल.” मग पुढे होऊन त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत ते बटण धरलं, क्षणभर अंदाज घेतला, आणि सोडून दिलं.

“माप तुमचं बदललंय डॉक्टर,” ते म्हणाले. “हात माझा तोच आहे.”